सातुली नावाचा पक्षी

सत्यवतीबाई पावसकरांनी आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि ती त्यांना चौसष्ट वर्षांनी बांद्याच्या त्यांच्याच स्वयंपाकघरात परत भेटली.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. बाई पाटावर बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. सून अस्मिता गावातल्या हायस्कूलात मराठी शिकवते. जानेवारीअखेर शाळेत काव्यवाचनाची स्पर्धा होती आणि पोरांसाठी कविता निवडायचं काम तिच्याकडे होतं. तिची एक सवय होती. निवडलेली कविता आधी सासूला वाचून दाखवायची. सासूबाईंना पहिल्या झटक्यात कळली तर आठवीच्या वर्गालाही कळते, हा तिचा एकोणीस वर्षांचा अनुभव.

त्या संध्याकाळी दाराच्या चौकटीला टेकून तिनं वाचलं:

‘लाट येते, सातुली पळते.
लाट जाते, सातुली पळते.
भित्री म्हणावं, तर पुन्हा तिथंच.
धीट म्हणावं, तर पाय कोरडे.’

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“परत एकदा वाच गो,” त्या म्हणाल्या.

अस्मितानं परत वाचलं. कविता कुणाची, असं बाईंनी विचारलं. तरुबाला सान्याल म्हणून मोठ्या बंगाली कवयित्री होत्या, अस्मितानं सांगितलं. छातीच्या दुखण्यातून उठल्यावर हवापालटासाठी तारकर्लीकडे येऊन दोन हिवाळे राहिल्या. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कविता तिथल्याच. त्या राहिल्या ते घर तिरोडकर डॉक्टरांचं, आता तीन वर्षांपूर्वी तिथं त्यांच्या नावानं संग्रहालय झालंय.

“आणि सातुली म्हणजे काय, ता लिवला आसा?”

अस्मितानं पान उलटून तळटीप वाचली. सातुली म्हणजे मालवण किनाऱ्यावरच्या एका पाणपक्ष्याचं स्थानिक नाव.

बाई उठल्या आणि शेंगांचं ताट घेऊन मागच्या पडवीत गेल्या. सुनेला वाटलं, कविता काही आवडली नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता बाई म्हणाल्या, “माका थंय घेवन जातंस?” लग्न होऊन आल्यापासून अस्मितानं सासूच्या तोंडून कुठे घेऊन चल असं ऐकलं नव्हतं. तिनं पुढचाच रविवार ठरवला. नवरा मिहीर कापडाच्या दुकानात अडकलेला होता, म्हणून गाडी तिनंच काढली.

कुडाळपर्यंत बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. कुडाळ मागे पडल्यावर बोलायला लागल्या. पण सांगितलं ते अर्धंच. त्या घरात आपण लहानपणी राहिलो होतो, एवढं. अस्मितानं गाडीचा वेग कमी केला आणि विचारलं की हे आजवर कधी बोलला कशा नाहीत. बाई म्हणाल्या, कुणी विचारलं नाही. ते खरंच होतं.

त्यांचे वडील आजगावकर पोस्टमास्तर. एकोणीसशे एकोणसाठ साली त्यांची बदली त्या वाडीत झाली. पोस्टाला स्वतःची इमारत नव्हती. तिरोडकरांच्या घराची दक्षिणेकडची पडवी म्हणजे पोस्ट आणि तिच्यामागच्या दोन खोल्या म्हणजे पोस्टमास्तरांचं बिऱ्हाड. सत्यवती तेव्हा नऊ वर्षांची, एकुलती एक, वाडीत नवी. वाडीतल्या मुली तिला खेळात घेत नसत, कारण तिला पाण्याची भीती वाटायची. लाट आली की ही फ्रॉक सावरून माडांच्या बुंध्यापर्यंत पळत सुटायची.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तिरोडकर डॉक्टरांकडे पाहुण्या आल्या. डॉक्टर कलकत्त्याला शिकलेले, त्यांच्या तिथल्या मित्राची ही बहीण. चाळिशीची, उंच, पांढऱ्या साडीला लाल काठ, डोळ्यांवर जाड चष्मा. सगळी वाडी तिला बंगालीण म्हणे. ती समुद्राकडच्या खोलीत जमिनीवर बसून बुटक्या मेजावर दिवसभर लिहायची आणि जाडजूड पाकिटं घेऊन पोस्टात यायची. पोस्टमास्तर पाकिटं वजन करून तिकिटं लावत आणि घरी म्हणत, बिचारीला माहेरची किती ती ओढ. ती पाकिटं कवितांची असतील आणि मासिकांना जात असतील, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

बंगालिणीला तिथली भाषा शिकायची होती. पोस्टमास्तर प्रमाण मराठी बोलत आणि डॉक्टर इंग्रजी, म्हणून तिनं नऊ वर्षांच्या मुलीला धरलं. रोज दुपारी शाळा सुटली की समुद्राकाठी फिरायला जायचं. ती बोट दाखवून विचारायची, “ह्या काय?” सत्यवती सांगायची. न्हंय, म्हणजे नदी. होडी. चूड, म्हणजे झावळ्यांची मशाल. कुर्ली, म्हणजे खेकडा. बंगालीण वहीत लिहून घ्यायची, म्हणून बघायची, आणि चुकली की सत्यवती तिला पुन्हा म्हणायला लावायची. घरी परतल्यावर ती मुलीला नारळाचे दोन लाडू देई. लोकांसमोर ती तिची ओळख करून देताना म्हणायची, ही माझी छोटी गुरू. ज्या मुलीला वाडीत कुणी खेळायला घेत नव्हतं, तिला असं म्हटल्यावर काय होईल ते सांगायला नको. ती जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागली.

आणि मग एक दिवस बंगालिणीनं त्या पक्ष्याकडे बोट दाखवलं.

लाटेच्या कडेनं तुरुतुरु पळणारी मुठीएवढी पाखरं. वाळूच्या रंगाची पाठ, पांढरं पोट, आणि पाय एवढे भराभर हलतात की दिसतच नाहीत. दिवाळीनंतर कुठूनतरी येतात आणि होळीपर्यंत राहतात. सत्यवतीला त्यांचं नाव माहीत नव्हतं. वाडीत विचारलं असतं तर कुणी काहीतरी सांगितलंही असतं. पण गुरूला नाव माहीत नाही, असं कसं चालेल? बंगालीण वही उघडून, पेन्सिल टेकवून उभी होती. मुलीच्या तोंडून निघून गेलं, “सातुली.”

सातुली हे तिचं स्वतःचं घरातलं नाव होतं. तोंडाला आलेलं पहिलं नाव तेच.

बंगालिणीनं लिहून घेतलं. दोन-तीनदा म्हणून बघितलं. फार गोड आहे, म्हणाली. त्या संध्याकाळी लाडू खात दोघी लोट्यावर, म्हणजे घराच्या ओट्यावर, बसल्या होत्या, तेवढ्यात मागच्या दारातून आईची हाक आली, “गो सातुले, दिवेलागण झाली, घराक ये.” सत्यवतीच्या घशात लाडू अडकला. तिनं चोरून बघितलं. बंगालीण समुद्राकडे बघत होती. तिनं ऐकलं नसावं. मुलगी सुटकेचा श्वास टाकून घरात पळाली. पण ती थाप मनात कुसळासारखी राहिली. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता दुसरा हिवाळा संपला. बंगालीण पुन्हा येते म्हणून कलकत्त्याला गेली, आणि ती यायच्या आधीच पोस्टमास्तरांची बदली आंबोलीला झाली. आंबोलीच्या पावसात आणि धुक्यात समुद्र, बंगालीण, वही, सगळं मागे पडलं. पुढे लग्न होऊन सत्यवती बांद्याला आली, दुकान, संसार, नवऱ्याचं आजारपण, मिहीरचं शिक्षण यांत पन्नासेक वर्षं गेली. बंगालिणीचं नाव तरुबाला आहे हेसुद्धा त्यांना चवळीच्या शेंगा मोडताना पहिल्यांदा कळलं. तेव्हा सगळे तिला बाई किंवा बंगालीण म्हणायचे.

यातलं थापेचं काही त्या सुनेला बोलल्या नाहीत. मास्तरीण सुनेला ते सांगायला त्यांची जीभ उचलेना.

घर दुरून ओळखू आलं नाही. पूर्वी चिऱ्याचं लाल होतं, आता पांढरं केलं होतं. पण दारातली पायरी तीच, मधोमध झिजलेली. पाटी मराठी, बंगाली आणि इंग्रजीत होती, आणि पाटीच्या कोपऱ्यात, बाईंनी पाहिलं, एका पायावर उभा असलेला छोटा पक्षी काढला होता.

त्या पायरीवर थांबल्या, मग पदर सावरून आत गेल्या.

आत टेबलाशी पस्तिशीचा, दाढीवाला, चष्मा लावलेला माणूस बसला होता. त्यानं उठून नमस्कार केला. यज्ञेश तिरोडकर, डॉक्टरांचा नातू. मुंबईची नोकरी सोडून तो हे घर सांभाळायला आला होता आणि तरुबालांच्या वह्या वाचता याव्यात म्हणून रीतसर बंगाली शिकला होता. रविवार असूनही गर्दी नव्हती. त्यानं दोघींना स्वतः फिरवून दाखवायचं कबूल केलं. चांगलं शुद्ध, तयार केलेलं मराठी बोलत होता. अस्मिता प्रश्न विचारत होती, वहीत टिपून घेत होती. बाई मागून चालत होत्या.

माजघरात फोटो होते. समुद्राकडच्या खोलीत बुटकं मेज होतं, चष्मा होता, दौत होती, काळ्या लोकरीची शाल होती. मेजाजवळ एक उंच लाकडी स्टूल होतं आणि त्यावर चिठ्ठी, ‘कवयित्रीचे बसण्याचे स्टूल’. बाई त्या स्टुलाकडे बघत राहिल्या. त्याच्या पुढच्या पायाला अर्धी खाच होती. पोस्टाची लाख वितळवताना जळालेली.

“ह्या माझ्या बाबांचा स्टूल,” त्या हळूच सुनेला म्हणाल्या. “ती बाई जमनीर बसा. स्टुलार कधी बसूक नाय.”

अस्मितानं हसून त्यांचा हात दाबला. पुढे चालत असलेल्या यज्ञेशला हे ऐकू गेलं नाही.

मग सातुलीची खोली आली. ती खोली म्हणजे जुनं पोस्ट. एका भिंतीवर ती कविता मोठ्या अक्षरांत, दुसऱ्या भिंतीवर त्या पक्ष्याचे फोटो. यज्ञेश सांगत होता की पक्ष्यांच्या पुस्तकात याला चिखल्या म्हणतात, पण या किनाऱ्यावर त्याचं सातुली हे सुंदर नाव आहे, आणि तरुबालांनी ते बंगालीत नेऊन अजरामर केलं. या नावाच्या उगमावर तीन निबंध झालेत. एका अभ्यासकाच्या मते हा पक्षी सात-सातच्या थव्यानं फिरतो म्हणून सातुली. दुसऱ्याच्या मते मूळ शब्द दर्यावर्दी लोकांनी दूरच्या बंदरातून आणला असावा. बाईंनी ते ऐकलं आणि त्यांचे कान तापले. त्यांना वाटलं, आता इथून निघावं. गेटाबाहेर जावं, गाडीत बसावं, आणि हे प्रकरण जसं होतं तसं राहू द्यावं. विद्वान माणसांनी एवढं डोकं चालवलंय, त्यांना आता म्हातारपणी जाऊन काय सांगायचं की एका अगोचर पोरीनं तोंडाला येईल ते सांगितलं?

त्या खोलीच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत एक वही उघडून ठेवली होती. पान बंगालीत, पेन्सिलीनं लिहिलेलं. वर तारीख, जानेवारी एकोणीसशे साठ. त्याखालच्या ओळीचं मराठी भाषांतर पेटीवरच लावलं होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं.

‘आज माझ्या गुरूनं स्वतःचं नाव एका पक्ष्याला देऊन टाकलं.’

खाली छोट्या अक्षरांत माहिती होती. या काळात तरुबालांना कुणी आध्यात्मिक गुरू लाभले असावेत. नाव देऊन टाकणे म्हणजे अहंकाराचा त्याग. हे सत्पुरुष नेमके कोण, ते अद्याप समजलेलं नाही.

बाईंनी ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी आधारासाठी खिडकीचा गज धरला. त्याच खिडकीतून त्यांचे वडील तिकिटं विकायचे.

अस्मिता धावत आली. पाणी देऊ का, चक्कर येते का, तिनं विचारलं. बाई मान हलवत होत्या, पण त्या रडत आहेत की हसत आहेत हे तिला कळेना.

“तेंका ठावक होता,” बाई म्हणाल्या. “त्याच दिसाक कळला होता. आणि माका एका शब्दान बोलूक नाय.”

“कुणाला? काय ठाऊक होतं, आई?”

“ता नाव माजा, अस्मिता. पाखराचा न्हय. सातुली म्हणजे मी.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. यज्ञेशनं आतून खुर्ची आणली, त्यांना बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. लाट आणि फ्रॉक, वहीतले शब्द, ती दुपार, आईची हाक, घशात अडकलेला लाडू. त्या सगळं मालवणीतच सांगत होत्या आणि ऐकता ऐकता यज्ञेशचंही शुद्ध मराठी गळून पडलं. मधूनच त्याच्या चेहऱ्यावर माणूस नवीन पायरी चढताना घेतो तसा सावधपणा येई. तीन वर्षांत त्याच्याकडे बरेच लोक आले होते, आमचे आजोबा तरुबालांना मासे द्यायचे, आमच्या होडीतून त्या फिरायच्या, असं सांगत. सगळेच खरे नव्हते.

बाईंचं बोलून झाल्यावर त्यानं नम्रपणे एकच विचारलं, लाडू कसले होते.

नारळाचे, गुळातले, बाई म्हणाल्या. आपल्याकडच्यासारखे नाहीत, जरा मऊ. दोन द्यायच्या. एक तिथं बसून खायचा आणि एक घरी न्यायचा, पण घरी कधी पोचला नाही. आणि लाडू नाही म्हणायच्या त्या. वेगळाच शब्द होता. बाईंनी डोळे मिटले, ओठ हलवून बघितले, आणि म्हणाल्या, “नाडू.”

यज्ञेश उठला. त्यानं किल्ली काढून काचेची पेटी उघडली. तीन वर्षांत ती पाहुण्यांसमोर त्यानं कधी उघडली नव्हती. पानाच्या अगदी तळाशी एक बारीक ओळ होती, जिचं भाषांतर पेटीवर दिलेलं नव्हतं. ते घरातल्या खाण्यापिण्याचं कसलंतरी टिपण असेल असं समजून आपणच ती सोडली, असं तो म्हणाला. मग बोट न लावता, वहीवर वाकून, त्यानं बंगालीत वाचलं, “दक्खिना, दुटो नाडू.”

दक्षिणा, दोन लाडू. भाषांतर करायची कुणाला गरज पडली नाही.

मग यज्ञेश हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून. गुरूच्या शोधात एक प्राध्यापक सावंतवाडीपासून मालवणपर्यंतचे सगळे मठ पालथे घालून गेले होते, त्याच्याच गाडीतून. एका समाधीपुढे दोघांनी नारळही फोडला होता. हे त्यानं सांगितलं तेव्हा अस्मिता भिंतीला टेकून हसली, आणि बाई तोंडाला पदर लावून, पण चांगल्या पोटभर हसल्या.

हसू ओसरल्यावर मात्र बाईंच्या मनातली शंका वर आली. आता तुम्हाला हे सगळं पुसावं लागेल, त्या म्हणाल्या. पाटीवरचा पक्षी, पुस्तकातली टीप. नाव खोटं आहे. माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं.

यज्ञेशनं त्यांना हात धरून उठवलं आणि मागच्या दारानं बाहेर नेलं. दहा पावलांवर माड होते आणि माडांपलीकडे समुद्र. ओहोटी लागलेली होती. ओल्या वाळूवर पंधरा-वीस पाखरं लाटेमागे धावत होती, लाट वळली की उलटी पळत होती. जवळच एक बाई टोपलीत कोकम सरबताच्या बाटल्या घेऊन बसली होती. यज्ञेशनं बाईंना सांगितलं, तिला विचारा.

बाईंनी विचारलं, “बाय, ह्या पाखराचा नाव काय गो?”

“ही सातुली,” सरबतवाली म्हणाली. “तुमका ठावक नाय? खयची तुमी?”

“बांद्याची. ह्या नाव नवीन दिसता.”

“नवीन खयचा? आमचो आजो पण सातुलीच म्हणत होतो.” तिनं बाईंना सरबत घ्यायचा आग्रह केला आणि वर सांगितलं की सातुली दिसली की त्या वर्षी मासळी बरी होते, हे जुन्या लोकांचं म्हणणं आहे.

बाईंनी सरबत घेतलं. त्या स्त्रीचं वय असेल तीस. तिच्या आजोबांनी हे नाव पुस्तकातून घेतलं की पोस्टाच्या लोट्यावरून उडत आलेलं ऐकलं, की तिनं आत्ताच आजोबांच्या तोंडी घातलं, कोण जाणे. स्वतः नऊ वर्षांची असताना जे केलं तेच ही करत असेल, तर तिला बोलायचा अधिकार बाईंना नव्हता. बाईंना एकदम फार हलकं वाटलं. एखाद्या कामाला निघावं आणि तिथं पोचल्यावर कळावं की ते आपल्याआधीच कुणीतरी नीट करून ठेवलंय, तसं.

त्या वाळूत बसल्या. अस्मिता शेजारी टेकली. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि कविता पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आतापर्यंत ती पक्ष्यावरची कविता म्हणून वाचत होती. आता शेवटच्या कडव्यापाशी ती थांबली. त्यात पक्षी उडून जातो, आणि कवयित्री म्हणते की थंडी पडल्यावर तो परत आला तर मी नसेन, पण त्याला सांगा की त्याचं नाव मी जपून ठेवलंय.

“आई, ह्या तुमकाच लिवलेला आसा.”

“असात,” बाई म्हणाल्या. “माका बोलूक जमला नाय, तेंका लिवक जमला.”

मग त्यांनी सांगितलं की बंगालीण निघाली तेव्हा तिनं जाताना डोक्यावरून हात फिरवला होता आणि काहीतरी म्हणाली होती. बंगालीत. ते काय होतं ते त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि आता शब्दही आठवत नव्हते. ते विसरलं याचं वाईट वाटतं का, असं अस्मितानं विचारलं. बाईंनी विचार केला आणि नाही म्हणाल्या. आवाज आठवतोय, त्यात राग नव्हता.

दुपारी यज्ञेशनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्याची आई विनीता हिनं सुरमईची आमटी आणि भाकरी केली होती. जेवताना नव्या माहितीचा मजकूर काय असावा यावर चर्चा झाली. यज्ञेशला सगळं सविस्तर लिहायचं होतं, जन्मसालासकट. अस्मिताला वाटत होतं की प्राध्यापकांचा मानही राहावा. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मग मी सांगते तसं लिही, म्हणाल्या. अस्मितानं वहीत लिहून घेतलं. ते असं होतं: ‘गुरू म्हणजे पोस्टमास्तर आजगावकर यांची मुलगी सत्यवती, वय वर्षे नऊ. तिला पक्ष्याचे नाव माहीत नव्हते. बाईंनी ते कळूनही तिला कधी लाज आणली नाही.’

“आणि त्या स्टुलाचा?” अस्मितानं आठवण केली.

ते स्टूल पोस्टमास्तरांचं होतं हे कळल्यावर त्यावरची चिठ्ठी यज्ञेशनं लगेच काढली. पण स्टूल मात्र तिथंच राहू द्या, बाई म्हणाल्या. वडिलांना बसायला तेवढी एकच जागा होती.

परत येताना बाई वाटभर बोलत होत्या. पोस्टाच्या लाखेचा वास, वडिलांची सही, आंबोलीला पहिल्या दिवशी धुक्यात शाळा न सापडून झालेलं रडू. अस्मिता गाडी चालवत ऐकत होती आणि मनात म्हणत होती की या बाईबरोबर आपण इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला. कुडाळला चहाला थांबल्या तेव्हा बाईंनी भजी मागवली, एरवी त्या बाहेरचं काही खात नसत. संध्याकाळी मिहीर दुकानातून आला आणि कसं होतं घर, म्हणून विचारलं. भिंती पांढऱ्या केल्यात, बरं दिसतं, बाई म्हणाल्या. बाकीचं अस्मितानं सांगितलं. मिहीरला ते दोनदा ऐकावं लागलं, तेव्हा कुठे पटलं. पटल्यावर तो आईकडे असा बघायला लागला की बाईंनी त्याला पाट घ्यायला सांगून ताट वाढलं.

स्पर्धेच्या दिवशी अस्मितानं सासूला शाळेत नेलं. कोण आल्यात ते कुणाला सांगायचं नाही, ही बाईंची अट होती आणि तिनं ती पाळली. आठवीतली सलोनी म्हणून एक बारकी, केसाला घट्ट वेण्या घातलेली मुलगी सातुली म्हणायला उभी राहिली. आवाज चांगला होता. तिसऱ्या ओळीला अडखळली, मग सावरली, आणि शेवटचं कडवं तर परीक्षकांनी मान वर करून ऐकलं. तिचा दुसरा नंबर आला. पहिला एका मुलाचा आला, आंब्यावरच्या कवितेला.

बाईंना तो निकाल काही पटला नाही. घरी येईपर्यंत त्या तेच बोलत होत्या.